मळीचं माप

काकवी वेगळी आणि मळी वेगळी, हे हल्ली पुण्यातल्या चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही समजावून सांगावं लागतं. काकवी गुऱ्हाळात मिळते, सोनेरी असते, भाकरीबरोबर खातात. मळी साखर कारखान्यात उरते. उसाच्या रसातून काढता येईल तेवढी साखर काढून घेतली की मागे जे काळंभोर, चिकट, जळक्या गुळाच्या वासाचं राहतं, ती मळी. परवा माझ्या सुनेनं ती एका चिमुकल्या बाटलीत घरपोच मागवली. रोज चमचाभर घेतली की अंगात लोह वाढतं म्हणे. "आई, तुम्ही पण घेत जा," ती म्हणाली. मी म्हटलं, "आमच्याकडे ती म्हशी घ्यायच्या." ती हसली. तिला वाटलं, मी नेहमीसारखा टोमणा मारला. पण मी फक्त खरं ते सांगितलं होतं, आणि त्यातलंही अगदी थोडं.

आमचं घर कर्वेनगरात कालव्याच्या अलीकडे होतं. गाव कधीच शहरात गेलं होतं, पण गोठे अजून जागेवर होते. एका बाजूला नव्या सोसायट्यांच्या इमारती वर चढत होत्या आणि दुसऱ्या बाजूला आमच्या सहा म्हशी त्यांच्याकडे बघत निवांत रवंथ करत होत्या. घर म्हणजे ओळीनं तीन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीला लागून गोठा. जेवायला बसलं तरी साखळ्यांचा आवाज ताटापर्यंत यायचा. पहाटे आबा धारा काढायला बसले की रिकाम्या बादलीत पहिली धार टणटण वाजायची आणि बादली भरत गेली की आवाज जाड होत जायचा. मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या आवाजावरून सांगू शकायची की कुठली म्हैस चालू आहे. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत खेचरांच्या पलटणीत होते. पंधरा वर्षं त्यांनी डोंगरावर सामान वाहणारी खेचरं सांभाळली आणि घरी आले ते जनावरांशी भरपूर बोलायची आणि माणसांशी अजिबात न बोलायची सवय घेऊन. मी त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्या वाट्याला दिवसाकाठी दहा-बारा शब्द यायचे, त्यातले निम्मे "रंजे, चारा" एवढेच असत.

गोठ्याच्या कोपऱ्यात मळीचं लोखंडी पिंप असायचं. दोन-तीन महिन्यांतून एकदा आबा शेजाऱ्याचा टेम्पो घेऊन सोलापूर रस्त्याकडच्या एका कारखान्यावर जात. परवान्याचा कागद पिशवीत घालून सकाळी निघायचे आणि दिवस मावळायच्या आत भरलेलं पिंप फळीवरून गडगडवत खाली घ्यायचे. थंडीत मळी इतकी घट्ट व्हायची की तांब्या बुडवला तर तो ओढून काढावा लागे. उन्हाळ्यात ती आंबायला लागायची, पिंपातून बुडबुड आवाज यायचा, आणि झाकण सैल ठेवलं नाही तर पिंप फुगायचं. आई कोमट पाणी करून द्यायची, त्यात मळी कालवायची आणि ते काळं पाणी कडब्याच्या कुट्टीवर शिंपडायचं. एरवी नाक मुरडणाऱ्या म्हशी मग ती कोरडी कुट्टी दांड्यासकट संपवायच्या. जंताचं कडू औषध मळीतून जायचं. आजारातून उठलेल्या जनावराला मळी लागायची. आळीतला एक जण भोसरीकडे ओतकामाच्या कारखान्यात होता, तो डबाभर घेऊन जायचा. साच्याची वाळू मळीनं घट्ट बसते, असं तो सांगे. एकदा दोन अनोळखी माणसं आली आणि सगळं पिंपच द्या म्हणाली. आबांनी विचारलं, "म्हशी किती तुमच्याकडं?" ती एकमेकांकडे बघायला लागली. "मग दारू गाळायला दुसरीकडं बघा," आबा म्हणाले आणि पाठ फिरवून शेण ओढायला लागले.

मळी कालवायचं काम माझं होतं. मी दहावीला एकदा बसले, गणितात आपटले आणि पुन्हा बसायचं नाव काढलं नाही. शाळा सुटली त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं, कारण गोठ्यात मला कोणी नापास करत नव्हतं. पाणी किती कोमट, मळी किती, हे मी बोटानं बघायची. बोट बुडवून वर धरलं की मळीची तार कशी पडते त्यावरून समजायचं. आबांनीच शिकवलं होतं. "गोड लागती म्हणून जनावर थांबत न्हाई. थांबवायचं आपण," हे त्यांचं आतापर्यंतचं मला उद्देशून बोललेलं सर्वांत लांब वाक्य. आणि एकदा दूध घ्यायला आलेल्या कुणा बाईंना ते म्हणाले होते, "मळीला आमच्या रंजीचा हात बसलाय." मी आत भाकऱ्या थापत होते. भाकरी करपली, आई ओरडली, पण मला त्या दिवशी काहीच लागलं नाही. एवढ्यावर मी सहा महिने काढले असतील.

मग निर्मला आली. आबांचा पलटणीतला एक दोस्त यवतमाळकडचा होता, त्याची ही मुलगी. पुण्यात शेतकी शिकायला आली होती आणि वसतिगृहात जागा मिळेपर्यंत आमच्याकडे राहणार होती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, सावळी, उंच, एक वेणी, आणि हातात कपड्यांच्या पिशवीपेक्षा पुस्तकांची पिशवी जड. आल्या आल्या तिनं आबांच्या पाया पडून विचारलं, "काकाजी, म्हशी पाहू का जी?" चहासुद्धा न घेता ती गोठ्यात गेली. पुणेरी पाहुणे गोठ्यात शिरताना नाकाला पदर लावत. ही सरळ चांदीच्या जबड्यात हात घालून दात बघायला लागली. चांदी म्हणजे आमची सगळ्यांत दुधाची म्हैस, कपाळावर पांढरा टिळा होता म्हणून ते नाव. परक्या माणसाला ती शिंग दाखवायची. निर्मलाला तिनं दाखवलं नाही. तिथूनच माझं बिनसलं.

आबा तिच्याशी बोलायचे. हे कसं सांगू? आमच्या घरात आबा बोलत नाहीत, ही गोष्ट पावसाळ्यात पत्रा वाजतो तशी होती, त्यात कुणाचा दोष नव्हता. आणि आता संध्याकाळी ती कॉलेजातून आली की आबा पडवीत पोतं टाकून बसत आणि विचारत, "मग, आज काय शिकवलं डाक्टरीणबाई?" ती डॉक्टर होणार नव्हती, तरी ते तिला तसंच म्हणायचे. ती सांगायची, म्हशीच्या पोटात चार कप्पे असतात, पहिल्या कप्प्यात लाखो जिवाणू असतात, मळी आधी त्यांना मिळते, ते माजले की कडबा पचतो. आबा मान हलवत ऐकायचे. "म्हंजी आपण म्हशीला न्हाई, त्या किड्यांना चारतोय म्हणायचं!" असं म्हणून ते मोठ्यानं हसले एकदा. मी चुलीपाशी होते. आबांचं हसणं मी त्याआधी किती वेळा ऐकलं होतं, ते मी बोटांवर मोजायला लागले आणि मला एकच हात पुरला.

आईसुद्धा फितली होती. शेजारी म्हैस व्याली, चीक आला, आईनं खरवस केला, जायफळ घालून. वड्या पाडताना तिनं मधली मोठी वडी निर्मलाच्या ताटलीत ठेवली. "घरापासून लांब हाय पोर," आई म्हणाली. मी घरातच होते हा माझा गुन्हा झाला. एका रविवारी निर्मलानं त्यांच्याकडचा पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा केला, झणझणीत, वर तेलाचा लाल तवंग. आबांनी दोनदा मागून घेतला आणि आईला म्हणाले, "शीक जरा." आई हसली. मी जेवलेच नाही, पोट दुखतं म्हणून सांगितलं. मला तो रस्सा फार आवडला होता, हे आज लिहून टाकते. सगळे गोठ्यात गेल्यावर मी पातेल्याच्या तळाला भाकरीचा तुकडा फिरवून तो उभ्यानं खाल्ला होता.

आणि तिचं वागणं असं की रागवायला जागाच देत नसे. ती मला "रंजना" म्हणायची, पूर्ण नावानं, जे घरात कुणीच म्हणत नव्हतं. "तुले बोटानं कसं कळतं गं? मले तं थर्मामीटर लागते," असं खरंच कुतूहलानं विचारायची. माझी दहावीची पुस्तकं तिनं माळ्यावरून काढून पुसून ठेवली. म्हणाली, "गणित मी घेतो तुझं, महिनाभरात होते." मी म्हटलं, "मला न्हाई गरज." ती पुस्तकं पुन्हा माळ्यावर गेली नाहीत, फडताळात दिसतील अशी राहिली, आणि जाता-येता मला टोचत राहिली.

पण खरा घाव टेम्पोनं केला. कारखान्यावर मला एकदा न्या, म्हणून मी लहानपणापासून मागे लागले होते. ते उसाचे ढीग, ती चिमणी, मळीच्या विहिरीएवढ्या टाक्या, हे सगळं मी आबांच्या तुटक शब्दांतून मनात बांधलं होतं. दर वेळी उत्तर ठरलेलं, "पोरीबाळींचं काम न्हाई ते." त्या खेपेला निर्मलाला कॉलेजसाठी मळीचा नमुना हवा होता. आबा म्हणाले, "चल की मग." एवढंच. सकाळी ती टेम्पोत पुढे त्यांच्याशेजारी बसली, मांडीवर वही, वेणीला माझी रिबन, जी मीच आदल्या दिवशी आईच्या सांगण्यावरून दिली होती. मी पडवीच्या खांबाला धरून उभी राहिले. निर्मला म्हणाली, "काकाजी, रंजनाले पण घेऊ ना." आबा म्हणाले, "घरी धारा कोण बघंल?" टेम्पो गेला. तिनं माझ्यासाठी बोलावं, हे तर मला मुळीच सोसवलं नाही. संध्याकाळी दोघं आली ती हसत. तिच्या हाताला मळीचा वास येत होता, आणि तो वास माझा होता.

निर्मलाचा कॉलेजसाठी एक प्रयोग चालला होता. एका म्हशीला मोजून मळी द्यायची, दूध मोजायचं, दीड महिना रोज लिहायचं. तिनं चांदी निवडली. गोठ्याच्या भिंतीवर खडूनं तक्ता काढला, तारीख, तांबे, शेर, आणि आबांनी, ज्यांनी कधी दिनदर्शिकासुद्धा भिंतीला लावू दिली नाही, त्यांनी तो तक्ता राहू दिला. चांदीची मळी आता तीच कालवायची, मापानं. माझ्याकडे बाकीच्या पाच राहिल्या. दूध खरंच वाढलं. सकाळच्या धारेनंतर आबा तक्त्यासमोर उभे राहून आकडा बघत आणि तोंडातल्या तोंडात "व्वा" म्हणत. असं सव्वा महिना चाललं. एका सकाळी ती कॉलेजला निघताना म्हणाली, "काकाजी, आजपासून चांदीले अर्धा तांब्या वाढवू. दिला मी, लिहूनही ठेवलं." आबा म्हणाले, "तू म्हणशील तसं." हे त्यांनी जगात कुणालाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

आबा सायकलला कॅन लावून दूध घालायला गेले. निर्मला बसनं गेली. आई धुणं घेऊन कालव्यावर गेली. मी चुलीवरचं उरलेलं कोमट पाणी बादलीत ओतलं, पिंपाचं झाकण काढलं आणि तांब्यामागून तांब्या मळी घातली. मोजली नाही. घमेलंभर कोंडाही त्यात ढवळला. माझ्या मनात काय होतं, ते मी इतक्या वेळा स्वतःला विचारलंय की आता उत्तरावर विश्वास राहिला नाही. चांदी मरावी असं नव्हतं, एवढं नक्की. एखादा दिवस पातळ शेण टाकेल, दूध उतरेल, तक्त्यावरचा आकडा खाली येईल आणि आबा "व्वा" म्हणणार नाहीत, एवढंच मला हवं होतं. बादली समोर ठेवली. चांदीनं तोंड घातलं. अर्ध्यावर मला वाटलं, बादली ओढून घ्यावी. थांबवायचं आपण, हे मला माहीत होतं. मी ओढली नाही. ती तळ चाटून वर बघायला लागली, मिशांना काळे थेंब, आणि मी बादली धुऊन जागेवर ठेवली.

संध्याकाळच्या धारेला चांदी उठली नाही. रवंथ बंद. पोट डाव्या बाजूनं ताणलेलं. शेण पाण्यासारखं, आणि त्याचा आंबूस वास इतका की आईनंसुद्धा पदर लावला. सकाळपर्यंत तिनं मान पोटाकडे वळवून टाकली, डोळे आत गेले. सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोटाला कान लावला, शेणात बोट घालून हुंगलं आणि मान वर करून विचारलं, "मळी किती दिली हिला?" गोठ्याच्या दारात दूध न्यायला आलेली चार माणसं उभी होती. निर्मला तक्त्याकडे बघत होती. "अडीच तांबे," ती म्हणाली. "अडीच तांब्यानं असं होत नाही, सर." आणि मग तिची नजर खाली आली. माझ्या परकराच्या काठाला मुंग्यांची ओळ लागली होती. कालचाच परकर होता, मी तो बदलला नव्हता, आणि मळीचे शिंतोडे वाळून कडक झाले होते. मुंग्या जमिनीवरून सरळ चढत होत्या. निर्मलानं त्या बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते.

बोलले ते आबा. "ही पोर कालिजात शिकती, साहेब," ते म्हणाले. "तिचा परयोग चालू हाय. माप चुकलं तिचं." निर्मलानं आबांकडे बघितलं. तिचं तोंड थोडं उघडलं होतं, ते मिटलं. डॉक्टर म्हणाले, "जनावरावर असले खेळ करायचे तर आधी नीट शिका, बाई." दारातलं कुणीतरी म्हणालं, "पुस्तकी डोकं!" आणि दोघं-तिघं हसली. निर्मलानं वाकून डॉक्टरांच्या हातून सोड्याची पुडी घेतली, पाण्यात कालवली, आणि आबांनी चांदीचं तोंड वर धरल्यावर बांबूच्या नळ्यानं ते घशात सोडलं. त्या दिवशी तिनं कॉलेज बुडवलं. दर दोन तासांनी सोडा, मग पोटाला मालीश, मग हिरवा चारा हातानं भरवणं. मी पाणी आणून देत होते. चार दिवस आम्ही दोघी त्या म्हशीच्या दोन बाजूंना बसून होतो, आणि ती माझ्याशी फक्त "पाणी" आणि "पुरे" एवढं बोलली. आबांसारखीच.

चांदी वाचली. पण तिचं दूध पावपट झालं ते पुन्हा चढलं नाही, आणि अशा आजारात खूर बिघडतात तसे तिचे बिघडले. पुढची दोन वर्षं ती लंगडत पाण्यावर जायची आणि तिच्या चालण्याचा अडखळता आवाज मला घरभर ऐकू यायचा. पाचव्या दिवशी निर्मलानं पिशव्या भरल्या. वसतिगृहात एका मैत्रिणीच्या खोलीत सोय झाली म्हणाली. प्रयोग अर्धवट राहिल्यामुळे तो तिला पुढच्या वर्षी पहिल्यापासून करावा लागला, हे मला मागाहून समजलं. जाताना तिनं ओल्या फडक्यानं भिंतीवरचा तक्ता पुसला. आईला मिठी मारली. आबा गोठ्यातच होते, बाहेर आले नाहीत. माझी रिबन तिनं घडी करून खिडकीत ठेवली होती. मी दारात उभी होते. ती म्हणाली, "येतो गं," आणि कर्वे रस्त्याच्या बसथांब्याकडे चालू लागली. तेव्हासुद्धा, लाज वाटते लिहायला, पण तेव्हासुद्धा तिची पाठ बघून मला पहिल्यांदा जे वाटलं ते सुटकेसारखं होतं.

ते टिकलं नाही. घर पहिल्यासारखं झालं आणि तेच मला सहन होईना. आबा पुन्हा दहा-बारा शब्दांवर आले. मळी पुन्हा माझ्याकडे आली, पण बोट बुडवलं की ते मी लगेच पुसून टाकायची. महिन्याभरानं एका संध्याकाळी आबा धार काढत होते आणि मी वैरण टाकत होते. मी थांबले आणि म्हणाले, "आबा, चांदीला मळी मी घातली होती. सगळी बादली."

धारेचा आवाज थांबला नाही. आबांनी कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं होतं, ते तसंच ठेवून म्हणाले, "ठाऊक हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कधीपासून?"

"त्याच दिशी. दूध घालून आलो तवा पिंप बघितलं. चार बोटं खाली गेलं हुतं."

"मग निर्मलाचं नाव का घेतलं? सगळ्यांसमोर?"

बादली भरत आली होती, आवाज जाड झाला होता. आबांनी शेवटच्या धारा काढून घेतल्या. मग म्हणाले, "ती जाणार हुती कधी ना कधी. तुला हितंच राहायचंय, ह्याच माणसांत. तू माझी हायस." आणि बादली उचलून उठले. "जा. बाकीच्यांची वैरण राहिलीय."

तू माझी हायस. हे ऐकण्यासाठी मी त्या मुलीच्या केसाच्या रिबनीवर, तिच्या खरवसावर, तिच्या वहीवर जळत राहिले होते. ते मला मिळालं, आणि कशाच्या बदल्यात मिळालं तेही त्याच दमात समजलं. माझ्या सरळमार्गी, कधी कुणाला फसवून दुधात मापटंभर पाणी न घातलेल्या बापाला मी चार लोकांत खोटं बोलायला लावलं होतं. मी वैरण टाकली. दुसऱ्या दिवशी फडताळातली गणिताची पुस्तकं काढली, एकटीनं, आणि त्या मार्चला पास झाले. ते चांगलं झालं, पण त्यानं काही फिटलं नाही. निर्मलाला पत्र लिहायचं मी कितीतरी वेळा ठरवलं. लिहिलं नाही. आधी पत्ता नाही म्हणून, मग लग्न झालं म्हणून, मग इतक्या वर्षांनी काय म्हणून.

आबा शेवटची वर्षं माझ्याकडेच होते. गोठ्याच्या जागी इमारत झाली, तिच्यातच तिसऱ्या मजल्यावर. ते गेले तेव्हा त्यांच्या छोट्या वहीतल्या सगळ्या नंबरांवर माझ्या मुलानं फोन केले. दहाव्याच्या आदल्या दिवशी दारात एक उंच, पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली. मी ओळखलं नाही. "रंजना," ती म्हणाली, पूर्ण नावानं, आणि मग ओळखलं. निर्मला पशुखाद्याच्या कामातून निवृत्त होऊन यवतमाळला राहत होती. आबांच्या वहीत तिचा नंबर होता, म्हणजे आबांनी तो कधीतरी मिळवला होता, बदलला तेव्हा नवा लिहून घेतला होता, आणि मला सांगितलं नव्हतं. दुःखाच्या घरात, बापाच्या फोटोसमोर, साठीला टेकलेल्या मला पहिली जाणीव झाली ती त्या जुन्या कळेची. आत काहीतरी तसंच, त्याच जागी दुखलं.

मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं. "मले तं तेव्हाच माहीत होतं," ती म्हणाली. "मुंग्या पाहिल्या ना मी. काकाजीनं माझं नाव घेतलं तेव्हा लई लागलं. रात्रभर रडली मी. पण मग ते आले."

"कोण आले?"

"काकाजी. वसतिगृहावर. मी गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सायकलवर आले, दुधाचा कॅन घेऊन. फाटकात उभे राहिले आणि हात जोडले. एवढा मोठा माणूस! मी म्हटलं, काकाजी, असं नका करू. तं रडले ते. लहान लेकरासारखे." तिनं पदरानं डोळे टिपले. "नंतरही यायचे कधी कधी. माझ्या प्रयोगाचं विचारायचे. दुसऱ्या वर्षी झाला माझा प्रयोग, तेव्हा पेढे घेऊन आले. तुले नाही सांगितलं काय कधी?"

मी नाही म्हटलं. आबांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही नाही. त्यांनी मला माझी म्हणून जवळ ठेवलं होतं, आणि त्यांच्या मनातलं जे काही होतं ते सायकलवर घालून त्या दुसऱ्या मुलीकडे नेऊन दिलं होतं. तिच्यावर अन्याय मी केला होता, तिची माफी मी मागत होते, आणि तरीही त्या क्षणी मी तिच्यावर जळत होते. वयानं हे जातं असं मला वाटायचं. जात नाही.

"फाटकात काय म्हणाले आबा?" मी विचारलं. "रडताना. शब्द काय होते?"

निर्मलानं डोळे बारीक करून आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, मी तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. मग तिनं माझा हात हातात घेतला.

"नाही आठवत गं आता," ती म्हणाली. "खूप बोलले. पण लई वर्षं झाली."